आखणीवाल्याचा पेढा

कारखान्यात पाट यायला लागले आहेत. आषाढ संपता संपता पेणजवळच्या आमच्या हमरापुरात हे सुरू होतं. माणसं घरचा लाकडी पाट कापडात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी चढवून आणतात. पाटाच्या पाठीला आडनावाची चिठ्ठी चिकटवलेली असते. चतुर्थीला याच पाटावर बसून त्यांचा गणपती घरी जाणार असतो. पाट भिंतीला टेकवायचा, पानसुपारी ठेवायची, आपली मूर्ती नजरेखालून घालायची आणि निघताना जो माणूस डोळ्यांची आखणी करतो त्याच्या हातावर पेढा ठेवायचा. देवाचे डोळे उघडणाऱ्याचं तोंड गोड असलं की देवाची नजर आपल्या घरावर गोड राहते, असं आमच्या कारखान्यात येणारी माणसं मानतात. आमच्या कारखान्यात आखणी करतो तो माझा नवरा, महेंद्र. त्याला मधुमेह आहे.

काल त्याचा डबा द्यायला गेले तेव्हा भिंतीशी पाटांची रांग दिसली. राग आला नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं, रागावर मी वाढले आहे. नुसतं मनात आलं, पुन्हा आला हा महिना. पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच हाताला लागावेत, तसं काहीसं.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण मला वासांनी आठवतो. ओल्या प्लॅस्टरचा गार, चुन्यासारखा वास. थिनरचा वास, जो महेंद्रच्या शर्टातून दोन धुण्यांनीही जात नाही. तव्यावर जरा करपलेल्या नाचणीच्या भाकरीचा वास, आणि वाडीवरच्या बाया पाटीत घालून आणायच्या त्या टाकळ्याच्या, कुर्डूच्या भाजीचा कच्चा हिरवा वास. ताडपत्रीवर दिवसभर पाऊस वाजत असायचा. ताडपत्रीखाली पांढऱ्या मूर्ती ओळीने उभ्या, सगळ्यांची सोंड डावीकडे, सगळ्यांचे डोळे अजून कोरे. ओळीच्या टोकाला बुटक्या फळीवर मांडी घालून महेंद्र. तो आखणी करताना श्वास रोखतो. भुवईची रेघ पुरी होईपर्यंत छाती हलत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मीही नकळत श्वास रोखून उभी राहिले होते.

त्या श्रावणाच्या आधी पेणला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे डोळे तपासले. म्हणाल्या, "मागच्या पडद्यावर बारीक ठिपके दिसतायत. आज नजरेला काही झालेलं नाही. पण साखर अशीच राहिली तर ही नजर राहील असं मी सांगू शकत नाही. गोड बंद करा, भात कमी करा, रोज चाला."

महेंद्रने एकच विचारलं, "चतुर्थीपर्यंत काम करू ना?"

त्या दिवशी एस्टीत मी त्याच्या हातांकडे बघत बसले होते. हा माणूस पैठणी नेसलेली गौर रंगवू शकतो, मुकुटावर खडे बसवू शकतो, पण त्याला विचारा तर तो आखणी सोडून बाकी सगळ्याला मजुरी म्हणतो. ती नजर गेली तर मागे काय उरेल, याचा विचार तो करत नव्हता. किंवा करत होता आणि मला सांगत नव्हता. मी ठरवलं, आता हे काम माझं.

मी रोह्याची. नीट सांगायचं तर रोह्याला लागून असलेल्या वरसेची. माझे बाबा एका केमिकल कंपनीत होते आणि तिथल्या कामगारांची पत्रकं काढायचे. आमच्या घरातल्या फडताळात जुन्या पत्रकांचे कागद अंथरलेले असत. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं. 'कामगार बंधू-भगिनींनो' ही माझ्या आयुष्यात मी वाचलेली पहिली ओळ असावी. शिफ्ट सुटताना गेटवर बाबा पत्रकं वाटायचे, मी गठ्ठ्यावर बसून राहायचे, म्हणजे कागद उडू नयेत. माणसं चालता चालता वाचायची, थांबायची, पुन्हा वाचायची. तेव्हापासून माझी श्रद्धा अशी की खरं असेल ते मोठ्या अक्षरांत लिहावं आणि लोकांच्या हातात द्यावं. ज्याला सत्य कळलं तो बदलतोच. पुढे मी स्वतः लिहायला लागले, स्त्रियांच्या मजुरीवर, मिठागरातल्या कामावर, पाण्यावर, तेव्हाही आत हेच होतं.

म्हणून घरात मी पत्रक काढलं. गुलाबी कागद, काळं मार्कर, चुलीच्या वरच्या भिंतीवर. चहा बिनसाखरेचा. भात एक वाटी. रात्रीचं जेवण आठच्या आत. सकाळी पाऊण तास चालणे. खाली मोठ्या अक्षरांत: डोळे आहेत तर आखणी आहे.

सासूबाईंनी ते वाचायला सांगितलं. मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कागद लावून साखर उतरते व्हय गो?"

"उतरते आई. माणसाने पाळलं तर."

"मंग माणसाला लाव ना. भिंतीला कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पत्रकाच्या कोपऱ्यात महेंद्रने इवलासा उंदीर काढला होता. दोन्ही पायांत साखरेचा खडा धरलेला, शेपटी वर. खाली लिहिलं होतं, 'आमचा पाठिंबा.' मी हसले नाही. आज वाटतं, हसायला हवं होतं.

आमच्या या खारेपाटात, खाडीकाठच्या भातशेतीच्या पट्ट्यात, माणसाला भात कमी कर म्हणणं म्हणजे जरा कमी श्वास घे म्हणण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी ताटात नाचणीची भाकरी पाहून सासूबाई म्हणाल्या, "माझा पोरगा काय बाळंतीण हाय?" महेंद्र मात्र मुकाट्याने जेवला. जेवून उठला आणि शेजारच्या काकूंकडे 'सहज' गेला, तो मिशीला ताकभाताचं शीत घेऊन आला. मी ते शीत बोटाने काढून त्याला दाखवलं. तो म्हणाला, "आता भुताटकी म्हणायची ही."

चालण्याची तर आणखीच गंमत. सकाळी आम्ही दोघं एका छत्रीखाली फाट्याच्या रस्त्याला लागायचो. लावणीला निघालेली माणसं डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिक घेऊन शेजारून जायची. एकजण रोज विचारायचा, "काय रे महेंद्र, कुठं निघाला?"

"चालायला."

"ते दिसतंय रे. कुठं?"

"कुठं नाय. चालायला."

"बायकोनी हाकलला वाटतं! ये इकडं, चिखल तुडव. फुकटात चाल होईल, आमची लावणी पण होईल."

महेंद्र हसायचा आणि छत्री खाली ओढायचा, तोंड झाकेल इतकी. मी ती पुन्हा वर करायचे. लाज कसली त्यात, मी म्हणायचे. आणि चालता चालता बोलत राहायचे. स्वादुपिंड म्हणजे काय, पांढरा तांदूळ रक्तात कसा उतरतो, बैठ्या कामाने काय होतं. त्याला मी पुढल्या वळणापर्यंतसुद्धा नुसतं चालू दिलं नाही.

एक गोष्ट मला तेव्हाही कळत होती आणि आजही माझा पिच्छा सोडत नाही. नऊ-दहा तास मांडी घालून बसलेल्या माणसाला दर तासाला गोड चहा कोण पाजतं? त्या चहावरच तर सबंध कारखाना चालतो. पाठ मोडली, चहा. झोप आली, चहा. जेवायला उशीर होणार, चहा. खुर्ची नाही, उठून पाय मोकळे करायची वेळ नाही. मी दुसऱ्या कुणावर लिहीत असते तर हे पहिल्या परिच्छेदात लिहिलं असतं. नवऱ्याच्या बाबतीत मात्र मी त्याची जीभ धरून बसले होते. जीभ माझ्या घरात होती ना. कारखाना भाऊशेठचा होता.

तरी एकदा कारखान्याकडे वळलेच, आणि तिथेच ते झालं.

श्रावणात पाट येतात तसे पेढे येतात. महेंद्र नाही म्हणू शकत नव्हता. "पुढं केलेला हात मागं घ्यायला लावायचा का?" तो म्हणायचा. "म्हातारी माणसं येतात गो. माझ्या तोंडाकडं बघत उभी राहतात. मी खाल्ला की मंग पाट ठेवून जातात." मी म्हटलं, ठीक, तू सांगू शकत नाहीस, मी सांगते. एका दुपारी डब्याऐवजी तो घरीच जेवायला आला असताना मी कारखान्यात गेले आणि पाटांच्या वरच्या भिंतीवर कागद चिकटवला.

'नम्र सूचना. आखणीचे कारागीर मधुमेहाचे रुग्ण आहेत. त्यांच्या डोळ्यांना धोका आहे. कृपया त्यांना पेढे देऊ नयेत. पेढा म्हणजे प्रेम नव्हे.'

शेवटच्या वाक्यावर मी खूश होते. घरी येताना ते मनात दोनदा म्हटलं.

दोन दिवसांनी मी डबा घेऊन गेले तेव्हा नागोठण्याकडच्या एक काकू कागदासमोर उभ्या होत्या. काखेत पाट, हातात पेढ्यांचा पुडा. त्या एकेक शब्द मोठ्याने वाचत होत्या. 'धोका' या शब्दाशी थांबल्या आणि भाऊशेठकडे वळल्या.

"धोका म्हंजे? ह्याला दिसत नाय?"

भाऊशेठ काही बोलायच्या आत मीच पुढे झाले. "काकू, दिसतं त्यांना. नजर अगदी चांगली आहे. पुढे त्रास होऊ नये म्हणून लिहिलंय."

"चांगली हाय तर कागद कशाला लावलास गो बाय?"

कागद कशाला लावलास, हे आयुष्यभर कागद लावत आलेल्या मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

काकू वाईट नव्हत्या. त्यांचा आवाज उलट हळवा झाला होता. त्या महेंद्रकडे बघून म्हणाल्या, "बाबा, राग मानू नको. घरात सुनेचं पहिलं बाळंतपण हाय. देवाचे डोळे तिरके आले तर माझ्या मनाला घोर लागंल." आणि भाऊशेठला म्हणाल्या, "दुसरं कोण डोळे करणार असंल तर पाट ठेवते."

महेंद्रच्या हातात ब्रश होता. समोरच्या मूर्तीची उजवी भुवई झाली होती, डावी राहिली होती. त्याने ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला आणि फळीवर आडवा ठेवला. सगळं सावकाश.

त्या आठवड्यात आणखी काहींनी तेच विचारलं. लोक गावोगाव बोलतात, आणि पेणच्या गणपतीबद्दल तर फार बोलतात. भाऊशेठने त्याला बाजूला घेतलं. "चार दिवस किनार कर रे. पितांबर कर, शेले कर. लोक विसरतील." ते चार दिवस चतुर्थीपर्यंत संपले नाहीत. आखणीला दुसऱ्या कारखान्यातून माणूस आणला. महेंद्र त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसून पितांबरांना सोनेरी किनार काढत राहिला. किनार काढायला श्वास रोखावा लागत नाही.

कारखान्यातला कागद काकू आल्या त्याच संध्याकाळी त्यानेच काढला. साचे खरवडायच्या पातीने. खळीचा चौकोनी डाग भिंतीवर तसाच राहिला.

घरी येऊन तो न्हाणीत बराच वेळ हात धूत बसला. मी दारात उभी होते. म्हटलं, "मी तुझ्या भल्यासाठी केलं."

"माहीत हाय."

"मग बोल ना काहीतरी. ओरड."

"काय ओरडू? तू खोटं कुठं लिव्हलंस?" मग नळ बंद करून म्हणाला, "एकदा विचारलं असतंस मला. माझ्याच डोळ्यांचं होतं ना ते."

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. सासूबाईंनी नारळीभात केला होता. महेंद्रला गोड भात लहानपणापासून आवडत नाही. त्या दिवशी त्याने दोनदा मागून घेतला आणि माझ्याकडे बघत शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. वाढत मीच होते.

पाळायचं, चालायचं सगळं तिथेच थांबलं. छत्री दारामागे टांगलेली राहिली. मी दोन दिवसांसाठी वरसेला निघून गेले. गाडी नागोठण्याच्या पुढे गेली की दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येतात, भाताची खाचरं अरुंद होतात. एरवी तिथे मला माहेरचं वाटायला लागतं. त्या दिवशी फक्त काकूंचा आवाज कानात होता.

बाबा निवृत्त झालेत. वरसेला आता आमच्या घराभोवती चारही बाजूंनी इमारती उठल्या आहेत. ते ओटीवर बसून दुसऱ्यांच्या गॅलऱ्यांतले कपडे बघतात. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते लोकांच्या अंधश्रद्धेवर बोलतील. त्यांनी विचारलं, "महेंद्ररावांना विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असता."

"मग नाही लावायचा कागद."

"बाबा, तुम्ही हे सांगता? तुम्ही कंपनीला विचारून पत्रकं काढायचात?"

"कंपनीला नाही. माणसाला. एकजण भाजला होता आमच्यात. चेहऱ्याला. त्याचं नाव घालून पत्रक काढायचं ठरलं, कारण नावाशिवाय लोक पेटत नाहीत. मी त्याच्या घरी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्याची बायको बाहेर आली, म्हणाली, त्यांना असं लोकांसमोर नाही यायचं. मग नाव काढलं. पत्रक पडलं फिकं. पडू दे म्हटलं."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू गेटवर यायचीस. त्याच्या आधीचं सगळं घराघरांत व्हायचं. तिथं मी तुला कधी नेलं नाही. ते चुकलंच माझं."

मला त्यांचा फार राग आला, आणि मग तोही टिकला नाही. अर्धंच शिक्षण घेऊन मी निघाले होते आणि त्याच अर्ध्यावर एका माणसाचं हातचं काम घालवून बसले होते.

परत आल्यावर मी चुलीवरचा कागद काढला. उंदरासकट. महेंद्रला म्हटलं, "तू सांग. काय करायचं, किती करायचं. मी ऐकते." तो डबा घेऊन कामाला गेला. गौरी गेल्या, अनंत चतुर्दशी झाली, शेतात भात निसवला, लोंब्या बाहेर आल्या. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "भाकरी चालते मला. नाचणीची पण. चालायला पण जाईन, पण एकटा. तू लय बोलतेस गो चालताना."

"आणि पेढे?"

"कारखान्यात माझं मी बघीन."

"बघशील म्हणजे काय करशील?"

"माझं मी."

या दोन शब्दांवर मी गप्प बसले. गेटवर घोषणा देताना घसा बसतो, पण या गप्प बसण्याने जो शीण येतो तो वेगळाच. तो हाडांत उतरतो. महेंद्र कारखान्यातून आला की मी त्याच्या तोंडाला वेलचीचा वास येतो का ते बघत नाही. बघायचं नाही, हे रोज ठरवावं लागतं. काही महिने साखर बरी येते, काही महिने वाढते. वाढली की मी रात्रीचा भात वाढताना हात आखडता घेते, त्याला ते कळतं. सासूबाई आता स्वतःच नाचणी दळून आणतात आणि ती आपलीच कल्पना होती असं शेजारी सांगतात. गेल्या वर्षी भाऊशेठने त्याला लहान मूर्तींचे डोळे दिले. यंदा सगळ्या ओळी त्याच्याकडे आल्या आहेत. कागद कुणी विसरलं की नाही, मला माहीत नाही. भिंतीला नवा रंग दिलाय.

पेढ्याचं तो काय करतो, हे मला अजून माहीत नाही.

परवा पेणला डोळ्यांची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "होतं तेवढंच आहे. वाढलेलं नाही. सहा महिन्यांनी या." महेंद्रने मान हलवली. मला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. भूक लागली एवढंच झालं.

येताना आम्ही फाट्यावर उतरलो. पाऊस थांबून मळभ होतं, तरी त्या उजेडाने त्याचे डोळे मिटत होते. मी रिक्षाला हात केला.

"नको," तो म्हणाला. "चालू."

"दिसतंय का तुला?"

"ढवळं दिसतंय सगळं. पहिला हात मारलेल्या मूर्तीगत."

त्याने माझं कोपर धरलं. थोडं पुढे, वळणावरच्या पाण्यात एक टेंपो अडकून उभा होता. मागे प्लास्टिक पांघरलेले गणपती दाटीने बसले होते. महेंद्रने नाक वर केलं.

"माल हाय ना गाडीत? रंग ओला वाटतो. कुणाचा?"

"माहीत नाही. आपला नाही."

"डोळे बघ कसे हायत."

मी बघितलं. एवढी वर्षं मी डोळ्यांवरून भांडले होते, पण मूर्तीचे आखलेले डोळे काम म्हणून कधी बघितले नव्हते. "कडेच्या मूर्तीचा डावा जरा वर गेल्यासारखा वाटतो," मी म्हटलं.

"जरा म्हंजे? केसभर की तांदूळभर?"

मी चिखलात उतरले, प्लास्टिकला नाक लावून पाहिलं. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता.

"तांदूळभर."

"घाईत केलाय," महेंद्र म्हणाला. "पाय भरून आले असतील त्याचे. कोण हाय कुणास ठाऊक."

मग आम्ही चालू लागलो. रस्त्याला खड्डे फार होते. मी सांगत होते, इथे डावीकडे हो, आता पाणी आहे, आता दगड. गावात शिरेपर्यंत मी दुसरं काही सांगितलं नाही.